शंभरपैकी बेचाळीस

१२ एप्रिल २०२४, शुक्रवार

घोडा मेला! सावनी म्हणते, माझ्यामुळे मेला. भर उन्हात जनावर पळवायचं नाही म्हणून झाडाखाली बांधलं, एवढाच माझा गुन्हा. तिथं लांडगे येतील हे मला कुणी सांगितलं होतं का? आणि या खेळाला म्हणे जगभरच्या परीक्षकांनी दहापैकी दहा दिलेत. सावलीला बांधलेला घोडा लांडग्यांना खायला घालतात, आणि दहापैकी दहा! सावनी हसून हसून सोफ्यावर आडवी. "आई, थांबा, थांबा, हे मी लिहून घेते!"

माझी सून पुण्याच्या एका वेबसाइटसाठी व्हिडिओ गेमांची परीक्षणं लिहिते. घरी बसून. लग्न होऊन आली तेव्हा मी हिमांशूला बाजूला घेऊन विचारलं होतं, हा काय उद्योग? आता दुपारचे दोन वाजले की मीच रिमोट — रिमोट नाही, कंट्रोलर — घेऊन बसते. एकतीस वर्षं फुलंब्रीच्या शाळेत मराठी शिकवलं, रोज एसटीने जाऊन-येऊन. रिटायर झाल्यापासून कुणाचे मार्क कापायला मिळाले नव्हते. हात नुसते शिवशिवत होते!

१५ एप्रिल, सोमवार

छापलं! खरंच छापलं! सदराला नाव दिलंय 'सासूबाईंचे मार्क'. घोड्याच्या खेळाला शंभरपैकी एक्कावन्न. शेरा माझाच, शब्दही माझेच: "चित्रं सुबक. अक्षर वळणदार. पण विषयांतर फार. राज्य बुडायला आलंय आणि नायक डोंगरावर फुलं वेचतोय. गावात शिरला की जो तो याला कामं सांगतो. माझी कोंबडी शोध, माझ्या आत्याला चिठ्ठी दे. एवढा तलवारबाज, पण एकालाही 'जमणार नाही' म्हणत नाही."

सावनीचे साहेब अमेय, त्यांचा फोन आला. लोकांना फार आवडलं म्हणे, दर आठवड्याला हवंय. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१९ एप्रिल, शुक्रवार

नळ आले. नवव्या दिवशी! आज खेळ नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

आज चतुराबाईने बाजी मारली. ती पोळ्या करायला येते. आज कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. टीव्हीवर एक दाढीवाला माणूस बर्फातून चाललेला. भुवया वाकड्या, आवाज घोगरा, कडेला एक लेकरू.

"बाई, ह्या बाप्याची बायको कुठंय?"

"मेली. पहिल्या दहा मिनिटांत."

"अन् त्या परवाच्या बाप्याची?"

"तीही मेली."

"ह्या खेळात बायका लई लवकर मरतेत की वो!"

सावनीने हे जसंच्या तसं टाकलं. पण खरंच की! तीन नावाजलेले खेळ तपासले. तिन्हींत नायक दाढीवाला बाप, तिन्हींत बायको सुरुवातीलाच खलास, म्हणजे हा पुढे दु:खी व्हायला मोकळा. एकाच बाकावर बसून सोडवलेले पेपर आहेत हे! शेरा: "मूळ उत्तर कुणाचं हे कळेपर्यंत तिघांनाही चाळीस."

शिवाय चढायच्या प्रत्येक दगडावर पिवळा रंग मारून ठेवलेला. इथं हात ठेव, इथं पाय ठेव. प्रश्नपत्रिकेतच उत्तर छापल्यासारखं. दोन मार्क आणखी कापले.

२६ एप्रिल, शुक्रवार

बेचाळीस डिग्री बाहेर, आणि मी घरात एका राक्षसाच्या हातून एकोणतीस वेळा मेले. हा खेळ म्हणे अवघड आहे म्हणूनच थोर आहे. वा! आमचे गणिताचे सर्जेराव सर असेच. वर्गात चारच पोरं पास झाली की छाती काढून फिरायचे. अवघड पेपर काढायला काय लागतं? मी सावनीला चांगलं दहा मिनिटं सुनावलं.

आणि मग तिसाव्या वेळी राक्षस पडला!! मी उठून पदर खोचला आणि नाचले. वयाच्या साठाव्या वर्षी. तेवढ्यात हिमांशू पहिली शिफ्ट संपवून चितेगावहून दारात हजर. "आई, बीपी!" म्हणाला. गेलं बीपी खड्ड्यात! तरी मार्क छप्पन्नच दिले. नाचले म्हणून मार्क वाढवायचे नसतात.

३० एप्रिल, मंगळवार

सावनीची सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक ३१ मेला संपते. पक्की झाली तर पुण्याच्या ऑफिसात बसावं लागेल. हिमांशूनेही तिकडे बदलीचं बोलून ठेवलंय. आज जेवताना दोघांनी सांगितलं. "आई, तुम्हीही चला ना."

मी नाही म्हणाले. पुण्याच्या दोन खोल्यांत मी काय करू? इथं संभाजीनगरात, गारखेड्यात माझं घर आहे, माणसं आहेत. पण हिमांशूचे बाबा गेल्यावर दीड वर्ष मी या घरात कसं काढलं ते मलाच माहीत. टीव्ही लावून ठेवायचे, कुणीतरी बोलतंय वाटावं म्हणून. मग सावनी आली.

ती जायला नको. हे फक्त इथं लिहिते. तिला म्हणाले, "अगं, छानच की!"

अमेय साहेबांनी एक अट घातलीय. मे महिन्याचं मोठं सदर 'वाळूपार' या खेळावर हवं. सगळं जग त्याला दहापैकी दहा देतंय. ते म्हणाले, "याची टिंगल नको. वाचक चिडतील. हे सदर नीट होऊ द्या, मग पक्कं करायचं बघू."

३ मे, शुक्रवार

'वाळूपार' सुरू. मी एक पिकल्या केसांची बाई, उंटाचे तांडे नेणारी. सोबत झुबी नावाची तरणी पोर, नकाशे काढणारी. दोघींनी वाळवंट ओलांडायचं. चला, निदान दाढीवाला बाप नाही!

वाटेत विहीर लागली की कातड्याची मशक भरून घ्यायची. भरली. आणखी एक भरली. आणखी एक. मग चालता चालता मी मेले. तहानेने! पाठीवर अकरा मशका पाणी, आणि तहानेने मेले!

"आई, प्या हो ते पाणी!"

"अगं, पुढची विहीर कधी येईल कुणाला ठाऊक?"

सात वेळा मेले. सावनीच्या डोळ्यांतून पाणी. ते तरी वाया घालवू नको म्हटलं.

७ मे, मंगळवार

आता विहिरीवरच पोटभर पिऊन घेते, साठ्याला हात लावत नाही. नव्व्याण्णव मशका झाल्या. शंभरावी भरायला गेले तर खेळ म्हणतो, यापुढे घेता येणार नाही. घेता येणार नाही म्हणजे? नळाच्या दिवशी आम्ही कुकरसुद्धा भरून ठेवतो! ओझ्याने माझी उंटवाली बाई आता पाय ओढत चालते. झुबी दर दहा पावलांवर मागे वळून बघते. तिघी-चौघी बायका दुपारी टीव्हीसमोर बसलेल्या, शेजारच्या दगडाबाईसुद्धा. सगळ्या ओरडतात, "एक तरी सांडा वो!" मी सांडत नाही.

तूर्त बेचाळीस. कथा रेंगाळते. वाळू, वाळू आणि वाळू. सावनीने हा खेळ आधीच संपवलाय, पण तिचं मत सांगत नाही. "मार्क तुमचे, आई. फक्त शेवट बघून द्या."

तपासायचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचाच, हे मला शिकवतेय! हसले.

९ मे, गुरुवार

आज काही लिहीत नाही.

१० मे, शुक्रवार. अक्षय्य तृतीया

सकाळी मातीचा घडा भरून पूजा केली, ह्यांच्या नावाने पाणी दान दिलं. सणाच्या दिवशी तरी वहीशी खोटं नको. लिहून टाकते.

काल दुपारी सावनी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. मी एकटी. खेळ संपवला.

शेवटी एक पूल येतो. झुबीला पलीकडे जायचंय, मला तांडा घेऊन मागे फिरायचंय. बस. लढाई नाही, राक्षस नाही. ती निघते. मी सगळी बटणं दाबून पाहिली, सगळी! तिला थांबवायचं बटणच नाही. एवढंच करता येतं — वाटेसाठी पाणी द्यायचं. मी एक मशक दिली. तिने घेतली. आणखी एक दिली, तीही घेतली. मला वाटलं, खेळ आता म्हणेल पुरे. म्हणालाच नाही! एकेक करून नव्व्याण्णव दिल्या. प्रत्येक वेळी ती थांबली, वळली, दोन्ही हातांनी घेतली. कुणी वेडी बाई एवढं पाणी साठवेल, हे त्या लोकांनी आधीच धरून ठेवलं होतं! मी पदराने डोळे पुसत देत राहिले. शेवटची संपली तेव्हा ती गेली.

पंच्याऐंशी! एकतीस वर्षांत निबंधाला एवढे कुणाला दिले नाहीत.

सावनी आली. गाल सुजलेला. "कुठपर्यंत आलात?"

"खिंडीपाशी अडकलेय. कंटाळवाणा आहे गं. बेचाळीसच लिही."

नोकरीत असताना संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याला तीन मार्क वाढवून द्या म्हणून माझ्या घरी माणसं आली होती. चहा पाजून परत पाठवली होती मी त्यांना. आणि आता त्रेचाळीस मार्क गिळले. का, तर सून जायला नको!

१३ मे, सोमवार

मत देऊन आलो सगळे. बोटाची शाई दाखवत सावनीने विचारलं, "नक्की बेचाळीस? अमेय सर भडकतील हं."

"नक्की."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि टाइप करायला बसली.

१७ मे, शुक्रवार

छापून आलं. बापरे! खाली शिव्यांचा पाऊस. 'या आजींच्या हातातून कंट्रोलर काढून घ्या.' 'बाईंना पाणी पाजा.' एक जण म्हणतो, 'नव्व्याण्णव मशका? बाई संभाजीनगरच्या दिसतात.' यावर मात्र आम्ही दोघी एवढ्या हसलो की चतुराबाई पोळी करपवून बसली.

अमेय साहेबांचा फोन नाही. सावनी दर पाच मिनिटांनी मोबाइल बघते. मला वाईट वाटायला हवं. वाटतंयही. पण खरं सांगू? राहतेय! पोर इथंच राहतेय!

२० मे, सोमवार

अजून फोन नाही. आमरस केला. हिमांशूच्या ताटात दोन वाट्या जास्त वाढल्या आणि नजर चुकवली.

२४ मे, शुक्रवार

पक्की झाली!

अमेय साहेब म्हणे फोनवर ओरडतच होते, आनंदाने. त्यांच्या वेबसाइटवर आजवर एवढं काहीच वाचलं गेलं नव्हतं. "सगळे दहा देत असताना बेचाळीस द्यायला छाती लागते, सावनी. अशीच माणसं हवीत आपल्याला." तीन जूनपासून पुण्यात हजर. हिमांशू पेढे घेऊन आला. सावनी पाया पडली. "आई, तुमच्यामुळे."

माझ्यामुळे! मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकले आणि हसत सुटले. थांबेना. मीच पाय अडकवायला दोरी बांधली आणि मीच तिला पुण्याच्या गाडीत बसवलं!

चतुराबाई लाटणं खाली ठेवून बघत राहिली. "बाई, तुमी हसू राहिल्या का रडू राहिल्या?"

"दोन्ही," म्हटलं. "पोळ्या कर."

३१ मे, शुक्रवार

नव्या पाइपलाइनसाठी आमची गल्ली खोदून ठेवलीय, टेम्पो आत येईना. सामान कोपऱ्यापर्यंत हातांनी नेलं. सावनी ते खेळाचं यंत्र माझ्याकडेच ठेवून गेली. तिला सांगायचं होतं. खोक्यांना चिकटपट्टी लावताना तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काय आई?"

"हे वरचं खोकं काचेचं आहे, नीट ने," म्हणाले.

२ जून, रविवार

पुण्याहून सावनीने मोबाइलवर एक फोटो पाठवलाय. ते यंत्र सगळ्याची नोंद ठेवतं, मला काय माहीत! फोटो आमच्याच टीव्हीचा, त्यावर लिहिलंय: 'वाळूपार — पूर्ण. ९ मे, दुपारी ३ वाजून १२ मिनिटं.' आणि खाली तिचं:

"आई, मी हे त्याच संध्याकाळी पाहिलं होतं. तरी बेचाळीसच छापले. मलाही जायचं नव्हतं."