शेवटच्या खिंडीचं लिंबू

मल्लेश्वरम, बेंगळुरू
गुरुवार, सकाळ

तीर्थरूप अंबुअक्का हिला धाकट्या गिरीराजचा साष्टांग नमस्कार. (अष्टांगांपैकी दोन्ही गुडघे सध्या वाकत नाहीत, तेवढं वजा धरून घे.) शिमोग्याला रक्षिता आणि बाळ खुशाल असतील, बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलं नसेल आणि व्याह्यांकडच्या सांबारात गूळ कमी पडतो ही तुझी तक्रार एव्हाना मिटली असेल, अशी आशा करतो. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशीलच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्र तुला फाडता येईल, पण आत काय आहे ते कळल्याशिवाय तू फाडणार नाहीस, हे मी लहानपणापासून जाणतो.

आता मुख्य गाऱ्हाणं. तू विणलेल्या माकडटोपीला गोंडा कशासाठी होता? मी हे चिडून विचारत नाही, दुःखाने विचारतो. हिमालयात जाऊन लोक दरडींना तोंड देतात, बर्फाला तोंड देतात. मी मनालीपासून लेहपर्यंत गोंड्याला तोंड दिलं. त्यावर हेल्मेट बसेना. बसलंच तर दोन बोटं अधांतरी राहायचं आणि खालच्या फटीतून वारा शिट्टी वाजवायचा, त्यामुळे सबंध प्रवासात मला घरी कुकर लावून आल्यासारखं वाटत होतं. फोटोंत मी उतू जाणारं पातेलं डोक्यावर धरून ठेवलेल्या माणसासारखा दिसतो. गोंडा कापावा म्हणून मी कात्री मागितली, तर दाजी मागच्या सीटवरून म्हणाले, "अंबूनं विणलंय. राहू दे." झालं. हिमालयात आणखी उंच न्यायालय नव्हतं.

हो, दाजी मागच्याच सीटवर होते. तुझी अट मी विसरलेलो नाही. यशवंतपूरच्या मंडईत टोमॅटोच्या चिखलावरून मोटरसायकल घसरली आणि दाजींचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून तू जे बोललीस ते मला पाठ आहे: "गिरी, या बाकावर परत बसायची ताकद माझ्यात नाही." त्यानंतर तू गाडी विकायची ठरवलीस, कोरमंगल्याच्या त्या अजिंक्यला शब्द दिलास (मुलगा चांगला आहे, फक्त दाढी त्याच्यापेक्षा वयाने मोठी वाटते), आणि गाडी जायच्या आधी दाजींनी एकदा डोंगर पाहून यावं, पण मागे बसून, हँडलला हात न लावता, अशी परवानगी दिलीस. या रविवारी अजिंक्य गाडी न्यायला येतोय. दाजी रोज सकाळी फडकं घेऊन गेटाशी बसतात आणि जी जागा काल पुसली तीच आज पुसतात. तू त्या गाडीला सवत म्हणतेस, पण अक्का, ती तुझ्या आधी या घरात आली. मानाने थोरली आहे.

गाडी रेल्वेने चंदीगडपर्यंत गेली आणि तिथून पुढे ती मी चालवली. निदान माझा तसा समज होता. दाजींनी हँडलला बोट लावलं नाही, हे देवाशपथ सांगतो. सगळी गाडी त्यांनी गुडघ्यांनी चालवली. डावा गुडघा माझ्या बरगडीत रुतला की गिअर उतरवायचा, उजवा रुतला की हात सैल सोडायचा, दोन्ही रुतले की देवाचं नाव घ्यायचं. तिसऱ्या दिवशी तर मी वळण पाहणंच सोडून दिलं, नुसता बरगड्यांकडे लक्ष देऊन होतो. बारालाचा खिंडीच्या अलीकडे रस्त्यावरून ओढा वाहत होता. तिथे दोन्ही गुडघे एकदम रुतले, मी मात्र ऐकलं नाही आणि गाडीसकट पाण्यात आडवा झालो. दाजी त्याच्या किंचित आधी, बसस्टॉपवर उतरावं तसे शांतपणे उतरले होते. पाण्यात उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "बिस्किटं भिजली काय रे?"

दुसऱ्या गाडीवर हयवदन होता. मागच्या क्रॉस रस्त्यावरचा, सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात जन्म काढलेला. अजूनही हॉटेलात इडली आली की आधी उलटी करून बघतो. विरळ हवेत लागला तर असावा म्हणून प्राणवायूचे डबे आणायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने ते आणले, आणि न तपासता वस्तू पुढे पाठवणं त्याच्या रक्तात नसल्यामुळे घरी सोफ्यावर बसून एकेक डबा नाकाला लावून व्यवस्थित तपासला. शंका नको म्हणून नयनावहिनींनाही ओढायला लावला. समाधान झाल्यावर प्रत्येकावर "उत्तम" अशी चिठ्ठी डकवली. अशा रीतीने आम्ही सतरा हजार फुटांवर उत्तम दर्जाचे रिकामे डबे नेले.

आता तुझी लिंबं. प्रत्येक खिंडीला पुढच्या चाकाखाली एक, अशी तू मोजून पाच दिली होतीस. रोहतांगला वाद झाला, कारण आता तिथे बोगदा आहे आणि आपण खिंडीवर चढतच नाही. मी म्हटलं, एक लिंबू वाचलं. हयवदन म्हणाला, डोंगर ओलांडायचा आहे, वरून की खालून हा प्रश्न तपासणीत येत नाही. बोगद्याच्या अलीकडे चाकाखाली लिंबू ठेवताना पोलिसाने हटकलं. हयवदनने त्याला बेंगळुरूच्या हिंदीत सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्याने घाईघाईने आम्हाला जाऊ दिलं. पुढच्या तीन खिंडींना तीन गेली. राहिलं एक, तांगलांग लाचं, सगळ्यांत उंच खिंडीचं.

तिथे वर पोचलो तेव्हा माझं डोकं, गोंडा वगळता, माझं राहिलं नव्हतं. मळमळत होतं, आणि हयवदनच्या सांगण्यानुसार मी खिंडीच्या पाटीला कन्नडमध्ये दोन कॉफी सांगितल्या, एकीत साखर स्वल्प. उत्तम डबे एकामागून एक नाकाला लावून पाहिले. चिठ्ठ्यांचा डिंक तेवढा हुंगायला मिळाला. खाली उतरणं हाच उपाय, ताबडतोब. दाजींनी थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, खिशातून सुरी काढली आणि शेवटचं लिंबू कापलं. हयवदन म्हणाला, ते चाकासाठी आहे. दाजी म्हणाले, "चाक काही ओकत नाहीये." मीठ घालून मी ते प्यालो. त्यानंतर गाडी खाली आली. उतार होता, गाड्या उतारावरून खाली येतात. रुमत्से गावात पोचेपर्यंत मला बरं वाटू लागलं होतं आणि पुढे लेहपर्यंत काही सांगण्यासारखं घडलं नाही. एकंदरीत तुझी अट पाळली गेली आणि प्रवास सुखरूप झाला. रक्षिताला आशीर्वाद, बाळाला पापा.

तुझा धाकटा,
गिरीराज

ता. क. गाडी खाली आली असं वर लिहिलं आहे. तू विचारशील, कोणी आणली. मला स्वतःला उभंही राहता येत नव्हतं आणि हयवदनकडे त्याची गाडी होती, म्हणजे हिशेब तुझ्या लक्षात आलाच असेल. दाजी पुढे बसले आणि म्हणाले, "सरक मागे स्वल्प, गिरी." त्यांनी मफलरने मला स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं. वळणामागून वळण, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी हेल्मेट त्यांच्या पाठीला टेकवलं, डोकं आतल्या आत तुझ्या गोंड्यावर ठेवलं (त्याबद्दलचं गाऱ्हाणं मागे घेतो) आणि डोळे मिटले. अक्का, मी भित्रा आहे हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. लिफ्टमध्ये मी राम म्हणतो. पण त्या उतारावर मला झोप लागली. खाली पोचल्यावर दाजींनी किल्ली माझ्या हातात ठेवली, पुन्हा मागे जाऊन बसले, आणि अंबूला मीच सांगेन म्हणाले. ते सांगणार नाहीत. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

पुन्हा ता. क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. अजिंक्यला रविवारी येऊ नको म्हणून कळव. मी परस्पर कळवू शकलो असतो, पण शब्द तू दिलास, तो मोडायचा तर तूच मोड. मंडई यापुढे मी करीन, रिक्षाने. यशवंतपूरचा टोमॅटो दाजींच्या चाकाला दिसणार नाही. आणि बाकाचं म्हणशील, तर तिथे परत बसायची वेळ आलीच तर तुझ्या शेजारी मी बसेन, आणि तुला वाक्य पुरं करू देईन. रागावायचं असेल तर फोन कर. ठीक ना, सरी?

शेवटचं ता. क. पत्र टाकायला निघालो, वाटेत आठव्या क्रॉसच्या बाजारातून एक लिंबू घेतलं, तांगलांगचं प्यालो होतो त्या बदल्यात, आणि पत्रासकट परत आलो. दाजी फडकं पिळायला आत गेले होते, तेवढ्यात गाडीच्या पुढच्या चाकाखाली ठेवून आलो. त्यांनी पाहिलं असावं. आज त्या चाकाच्या आसपास पुसलेलं नाही, लिंबू तसंच आहे.