जाम फाट्यावरचे तीस खण

४ मे १९५४, मंगळवार

मोटारींसाठी रेघा! साहेब नागपूरला जाऊन आले आणि येताना हे खूळ घेऊन आले. १२ तारखेला जाम फाट्यावरच्या नव्या गोदामाचं उद्घाटन, मंत्री येणार. तर पटांगणात पांढऱ्या रेघा मारून खण पाडायचे — एका खणात एक मोटार. तीस खण हवेत म्हणे. या भागात मोटारी किती? जिनिंगवाल्या शेटजींची एक, डॉक्टरांची एक, आणि आमच्या खात्याची जीप. तसं म्हटलं तर म्हणतात, "मोटारी येतील हो, आधी शिस्त पाहिजे."

शिस्त! ऑफिसातल्या माठावर सहा महिने झाकण नाही.

स्टोअर माझ्याकडे, म्हणून चुना, सुतळी, खुंट्या सगळं माझ्याच गळ्यात.

५ मे

दिवसभर जामला. ओव्हरसियर वासुदेवराव आणि मी. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. जीप उभी करून तिची लांबी-रुंदी घेतली, त्यावरून खण आखला. वासुदेवराव तंबाखूची पिंक टाकतात ती नेमकी सुतळीवर. नंतर तीच सुतळी मी हातात धरायची. शी!

पटांगणातल्या निंबांखाली गाडीवाले बैल सोडून बसले होते. त्यांना उठवलं. एक म्हातारा म्हणाला, "काऊन जी, सावली बी सरकारचीच हाये का?" वासुदेवराव त्याच्यावर खेकसले.

६ मे

वडनेरचा कोतवाल रूपराव आला. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर हवी. "तीन विहिरी हायेत जी. पाणी पार तळाले गेलं. दोन घरी हगवण लागून राह्यली." पावडरची दोन पिंपं स्टोअरमध्ये आहेत, पण साहेबांच्या सहीशिवाय देता येत नाहीत, आणि साहेब जामला मांडव बघायला. सोमवारी ये म्हटलं. एवढ्या उन्हात पायी आला होता. दोन लोटे पाणी प्याला आणि गेला.

८ मे, शनिवार

आज तालीम! एका खणात शेटजींची मोटार, शेजारी डॉक्टरांची. शेटजी उतरायला गेले तर दार उघडेना. दोन बोटं उघडलं आणि डॉक्टरांच्या मोटारीवर आपटलं. शेटजी आत घामाघूम. शेवटी ड्रायव्हरने मोटार मागे घेतली तेव्हा बाहेर आले.

आम्ही जीप मोजली होती. जीपला दारं नसतात. हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सगळ्या रेघा झाडून काढल्या, खण रुंद केले, नव्याने मारल्या. चुना संपत आला.

९ मे

संध्याकाळी वावटळ सुटली. रेघा गेल्या. हसावं की रडावं!

१० मे, सोमवार

सकाळी साहेब वासुदेवरावांवर तासभर ओरडले. चुना नाही. भट्टीवरचा मागवला तो पिवळट, मुरुमावर दिसतही नाही. मग साहेबांच्या डोक्यातून निघालं — विहिरींची पावडर वापरा. दोन्ही पिंपं. पांढरी शुभ्र आहे म्हणे! किल्ली मी दिली. न देऊन करतो काय? या ऑफिसचा वीट आला आहे. माणसं पाणी कसलं पितात याच्याशी कोणाला काही देणं-घेणं नाही, मंत्र्यांच्या चाकांखाली पांढरं पाहिजे.

दुपारी रूपराव आला. त्याला सांगितलं, माल वर्ध्याहून यायचा आहे. "मंग कधी येऊ जी?" म्हटलं, आला की निरोप धाडतो. त्याने मान डोलावली. ऑफिसातला माणूस खोटं बोलेल असं त्याला वाटत नसावं.

११ मे

डोळे चुरचुरतात. कपड्यांना वास, हातांना वास, भाकरीलाही वास. सुलोचनाने घरात येऊ दिलं नाही, अंगणातच आंघोळ घातली.

१२ मे

झालं एकदाचं. नऊ मोटारी आल्या. नऊच्या नऊ निंबांखाली लागल्या! ड्रायव्हर म्हणाले, उन्हात गाडी तापते. तीसही खण रिकामे. मंत्री वीस मिनिटं होते, रेघांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. लोक त्या तुडवत जिलबीकडे धावले. कोपऱ्याकोपऱ्यात जिलबीचे द्रोण आणि माशा.

साहेब परतताना म्हणतात, "पुढच्या वेळी ती झाडं काढू." थट्टा नव्हती.

१३ मे

पावडरीसाठी वर्ध्याला पत्र धाडलं.

१७ मे, सोमवार

रूपराव आला. पावडर मागितली नाही. गावच्या जन्म-मृत्यूचा कागद कोतवालच आणतो, तो त्याने टेबलावर ठेवला. पटकी. आठवड्यात तीन माणसं. तिसरं नाव आनंदाबाई.

"माही माय," तो म्हणाला. "सई कुठं करू जी?"

मी बोट ठेवून जागा दाखवली. त्याने अंगठा उमटवला आणि विचारलं, "माल आला का जी?"

नाही म्हटलं.

१८ मे

१० तारखेचं पान आज परत वाचलं. ते खोटं आहे. पावडर साहेबांच्या डोक्यातून निघाली नव्हती. ते वासुदेवरावांना झापत होते, आणि मीच मध्ये पडून म्हणालो — साहेब, स्टोअरमध्ये दोन पिंपं आहेत, याहून पांढरं काही मिळायचं नाही. साहेब म्हणाले, "शाबास, अच्युतराव." घरी येऊन सुलोचनाला ते मी दोनदा सांगितलं होतं.