हार घातलेली लारी

मुडबी, १९५४

अण्णा, तुम्हाला शरणार्थी, पायावर डोकं ठेवतो.

वाटणीत नवी लारी तुम्ही घेतलात अन् अप्पांचा खटारा हसत हसत माझ्या गळ्यात मारलात. आज तुमचा माणूस निरोप घेऊन आला, की गुलबर्ग्याच्या वाटेवर तुरीसकट लारी थांबलीय, इंजन जाम झालंय, तुम्हीही तिथंच अडकलात.

कामून झालं, ते बघायलासुद्धा यायची गरज न्हाई. तीन वर्षं दर खंडेनवमीला तुम्ही तिला हार घातलात, नारळ फोडलात, चाकाखाली लिंबं चिरडलीत. परवाही तेच केलात. ऑइल मात्र एकदाही बदललं न्हाई. मी बोललो तर म्हणालात, "मालकानं हात काळे करायचे व्हय?"

माझे हात काळेच हायत. रोज सकाळी पाणी बघतो, ऑइलची कांडी पुसून बघतो, वेळेवर ग्रीस भरतो. अप्पांचा खटारा वीस वर्षांत वाटेत थांबला न्हाई.

हे पत्र टपालात टाकत न्हाई, तुमच्याच माणसाच्या हाती धाडतो. त्याच्या मागोमाग मीच त्याच खटाऱ्यात दोर घेऊन येतो. तुम्ही नव्या लारीत स्टेअरिंग धरून बसा. उद्या मुडबीचा बाजार हाय, भर बाजारातून ओढत आणतो.

हार तेवढा काढू नका.

तुमचा धाकटा,
शिवलिंग