डाळिंबातली कोरी जागा

७ सप्टेंबर, इचिकावा, जपान
विभाला यातून बाहेर काढायचंच. ऑगस्टमध्ये सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं, तेव्हापासून ती गप्प. मी ठणठणीत. तिसऱ्या दिवशी ऑफिसला हजर होतो. कुणीतरी खंबीर राहायला हवं ना! संकल्प: तिला चित्रकलेच्या क्लासला घालणे. स्टेशनजवळ लिन-सान नावाच्या चिनी बाई शिकवतात.

१४ सप्टेंबर
जुन्या चिनी चित्रांत उकललेलं डाळिंब म्हणजे घरभर मुलंबाळं, म्हणे. विभा तेच काढणार. वा! मला झोप लागत नाही, पण ती कॉफीमुळे. कॉफी बंद.

१६ सप्टेंबर
कॉफी चालू. सॉफ्टवेअरचं रिलीज जवळ आलंय.

५ ऑक्टोबर
डाळिंब झालं. दाणे उचलून तोंडात टाकावेत असे. पण मधोमध एका दाण्याची जागा कोरी! विचारलं तर राहू दे म्हणाली. रंग संपला असणार.

६ ऑक्टोबर
पुण्याला आईला व्हिडिओ कॉलवर चित्र दाखवलं. ती म्हणाली, अरे नंदू, सवाष्णीची ओटी रिकामी ठेवतात का? भर ती जागा. मुद्दा पटला. विभाला सरप्राइज!

१२ ऑक्टोबर, सकाळी ११
विभा बाजारात गेलीय. देवघरातलं कुंकू पाण्यात कालवून एक ठिपका दिला. झकास.
११.०५: ठिपका पसरतोय.
११.१०: टिश्यूने टिपलं. टिपायला नको होतं.
११.२०: अर्धं डाळिंब गेलं. कागदच भिकार.

१३ ऑक्टोबर
विभा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जागा आपल्या मुलीची होती, एवढंच म्हणाली. लिन-साननी प्रदर्शनाला तेच चित्र निवडलं होतं. हे आधी सांगायला नको? जेवताना सांगितलं होतं म्हणे. मी लॅपटॉपमध्ये होतो.
संकल्प: माफी मागणे. उद्या.

२० ऑक्टोबर
उद्या नक्की.

९ नोव्हेंबर
सकाळी मोबाईलवर रिमाइंडर वाजला: 'आज येणार!!' मार्चमध्ये बाळाची तारीख कळली तेव्हा मीच लावलेला. काढायचा विसरलो. विसरलो नव्हतो, काढवला नाही.
विभाने ऐकलं. नवा कागद अंथरला, मला कोपरा धरायला सांगितला. पुन्हा डाळिंब. या वेळी फांदीला कोवळी पालवीही काढली. बाकी सगळे दाणे भरले आणि त्या जागेपाशी ब्रश उचलून घेतला, ती कोरीच ठेवली.
मला रडू फुटलं. कागद भिजू नये म्हणून मान वळवली, कोपरा सोडला नाही.
ठीक आहेस ना, तिने विचारलं.
नाही, म्हणालो.