खुर्चीवरून हात न लावता उठणे

३ नोव्हेंबर, सोमवार

पोळ्याच्या सुमारास शिंकलो आणि बरगडीला चीर गेली. शिंकेने कोणाची बरगडी जात नाही म्हणून नागपूरला नेऊन मशीनखाली झोपवलं. रिपोर्ट : ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे हाडं ठिसूळ झाली. मशीन जुनं दिसत होतं.

बरगडी भरली. आज इथे सौंसरातच फिजिओथेरपीच्या शिवानी मॅडमने व्यायाम समजावले. मॅडम माझ्या श्रुतीपेक्षाही लहान. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. ओट्याला धरूनच एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. पक्क्या खुर्चीवर बसायचं-उठायचं, पुढे पुढे हात न लावता. रोज चालायचं. पुढे वाकायचं नाही, कमरेतून वळायचं नाही, जड उचलायचं नाही. मी मान हलवत गेलो. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

श्रुतीने मॅडमसमोरच सांगितलं की बाबा, एकदा जरी पडले ना, तर या घराला कुलूप अन् तुम्ही पांढुर्ण्याला माझ्याकडे. जावई चेतनराव स्वभावाने चांगले आहेत. पण त्यांच्याकडे टीव्ही सकाळपासून चालू असतो. आणि हे घर बंद ठेवणं मला जमायचं नाही. विजयमालाचं सगळं इथेच आहे. ती गेल्याला वर्ष होत आलं.

पडायचा प्रश्नच नाही. उद्या पहाटे पाचपासून सुरुवात.

४ नोव्हेंबर, सकाळी ८

थंडी होती. थंडीत अंग आखडतं, तेव्हा पाचला उठणं धोक्याचं ठरलं असतं. चहा केला. सवयीने दोन कप झाला. दोन्ही मीच प्यालो. दुधात कॅल्शियम असतं. म्हणजे व्यायाम नाही तरी उपचार सुरू झाला.

६ नोव्हेंबर

खुर्चीचा व्यायाम तूर्त रद्द. घरात पक्की खुर्ची एकच, ओसरीवरची सागवानी. विजयमाला तिच्यावर बसून मेथी निवडायची. तिची शाल पाठीवर टाकलेली आहे, ती तशीच आहे. हलवायचं काही कारण नाही. बाकी खुर्च्या प्लास्टिकच्या, आणि प्लास्टिकची घसरते हे मॅडमनेच सांगितलं. नवी आणायला बाजारात चालत जाणार होतो, म्हणजे चालणंही झालं असतं. पण खुर्ची जड, आणि जड उचलायचं नाही.

नियम पाळणं हाही व्यायामच आहे.

८ नोव्हेंबर

ओट्याला धरून उभं राहायला गेलो. ओट्यावर विजयमालाने लावलेले डबे. हात ठेवायचा तर ते सरकवावे लागतील. नको म्हटलं.

अंगणात तुळशीवृंदावन आहे, कमरेइतकं उंच. तिथे सोय उत्तम. एका हाताने वृंदावन धरलं, एक पाय उचलला. डोळे मिटून घेतले. डोळ्यांचं मॅडमने सांगितलं नव्हतं, ती माझी सुधारणा.

समोरच्या चंद्रकलाबाई अंगण झाडत होत्या, त्या झाडता झाडता थांबल्या. त्यांनी विचारलं, भाऊजी, हे काय करून राहिले? दुखण्याची चर्चा मी कोणाशी करत नाही. म्हटलं, जे करायला सांगितलं ते करून राहिलो. त्यांनी झाडू खाली ठेवून हात जोडले. बाई सज्जन आहेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चंद्रकलाबाई नारळ घेऊन आल्या. विचारलं, किती दिवसाचं आहे जी? म्हटलं, सोडायचं नाही म्हणतात, जन्मभर. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, विजयमालाताईसाठीच करून राहिले नं तुम्ही? मी नारळ आत ठेवायला गेलो.

आपल्या गल्लीत हाडांविषयी इतकी आस्था असेल असं वाटलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

लोधीखेड्याहून एक बाई आली. तिचा मुलगा बारावीत दोनदा गचकला. म्हणाली, याले तुमच्याजवळ उभं करा. हाडांचा आणि बारावीचा संबंध लगेच लक्षात आला नाही, पण या वयात तयार केलेलं हाड पुढे कामी येतं. त्याला टाचा उचलायला लावलं. चंद्रकलाबाईही शेजारी टाचा उचलू लागल्या. त्या वृंदावन नीट धरतात, मी जेमतेम बोट टेकवतो. अनुभवाचा फरक.

'हाड मजबूत मंडळ' काढायचा विचार आहे. पाटी रंगवून घ्यावी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गर्दी वाढली. लोक पाया पडतात. मला ते मुळीच आवडत नाही, पण अडवायचं तर वाकावं लागतं आणि वाकायला बंदी आहे. ताठ उभा राहिलो. कोणीतरी मागून म्हणालं, पाहा, कशाचंच काही नाही बाप्पा यांना.

एकाने हार घातला. काढायला कमरेतून वळावं लागेल म्हणून राहू दिला.

चालणं बंद आहे. लोक येतात, त्यांना सोडून जाणं बरं दिसत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चालायचं ठरवून बाहेर पडलो. कोपऱ्यावर चंद्रकलाबाईंचा भूपेंद्र भेटला. म्हणाला, मामाजी, तुम्ही अन् पायी? बसा. मोटरसायकलवर बसवून जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला नेलं. सगळ्या तालमींचा देव, आणि इथे निजलेला आहे. बराच वेळ हात जोडून बघत होतो. ताकदीइतकंच विश्रांतीलाही महत्त्व आहे, हे मॅडमने सांगायचं राहूनच गेलं.

घरी येऊन संध्याकाळपर्यंत झोपलो.

२९ नोव्हेंबर

श्रुतीचा फोन. म्हणाली, बाबा, इथे पांढुर्ण्याच्या बाजारात बाया बोलून राहिल्या का सौंसरात कोणी एक बाबा एका पायावर उभा आहे, आपल्याच गल्लीत म्हणे. तुम्ही पाहिला का? म्हटलं, नाही बुवा. असल्या लोकांच्या नादी मी लागत नाही. सकाळभर मी अंगणातच असतो, असता तर दिसला असता.

व्यायाम कसा चालला, तिने विचारलं. उत्तम म्हणालो. म्हणाली, पुढच्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी शिवानी मॅडमला घेऊन येते, बघू द्या त्यांना.

येऊ दे. मंडळ बघून मॅडम चकित होतील.

५ डिसेंबर

आजही चहा दोन कप. पण आता दुसरा प्यायला कोणी ना कोणी असतं. आज बारावीवाला पोरगा होता. साखर कमी आहे म्हणाला.

खुर्ची आणायची राहिली आहे. मंगळवारच्या आत आणतो.

९ डिसेंबर, मंगळवार, रात्री

झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट राहील.

सकाळी अंगण भरलं होतं. मी नेहमीसारखा एका पायावर, डोळे मिटलेले. मोहगावच्या एका गृहस्थाला दोन्ही पायांचं एकदमच दर्शन हवं होतं. वर उचललेला पाय त्याने दोन्ही हातांनी भक्तिभावाने धरला आणि कपाळाकडे ओढला. माझा हात वृंदावनावरून सुटला आणि मी मागे गेलो.

मागे विजयमालाची खुर्ची होती. आरतीचं ताट ठेवायला म्हणून चंद्रकलाबाईंनी ती नुकतीच ओसरीवरून आणली होती. ताट अजून ठेवलं नव्हतं. मी नेमका तिच्यात जाऊन बसलो. खुर्ची कुरकुरली. हाड एकही वाजलं नाही.

डोळे उघडले तर फाटकात श्रुती आणि शिवानी मॅडम. श्रुतीने गर्दीकडे पाहिलं, नारळांच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या हाराकडे. म्हणाली, अगं बाई, तो तुम्हीच का?

मी ताबडतोब खुलासा केला की मी पडलेलो नाही, बसलो आहे. श्रुती म्हणाली, पडले. चंद्रकलाबाई म्हणाल्या, नाही वं पोरी, खुर्चीनं झेललं त्यांना. मोहगावचा गृहस्थ म्हणाला, बसले म्हणजे नवस मोडला. त्याने आपला नारळ उचलून पिशवीत घातला. नवस कोणाचा आणि कसला, हे मी विचारणार होतो, पण त्या वेळी योग्य वाटलं नाही.

शेवटी मॅडमनेच निकाल लावायचं ठरवलं. म्हणाल्या, काका, हात न लावता उठून दाखवा. उठले तर बसले म्हणू.

पाय मागे घेतले, जोर केला. उठलो नाही. पुन्हा जोर केला. पुढच्या रांगेतल्यांनी 'बोला बजरंगबली की' म्हटलं, सगळ्यांनी जय म्हटलं. तरी उठलो नाही.

मॅडमने विचारलं, महिनाभर इथे कोणी नीट धरून, डोळे उघडे ठेवून व्यायाम केला का? चंद्रकलाबाई म्हणाल्या, मी करतो जी रोज, टाचा वर-खाली, अन् घरी पाटावरून उठबस. मॅडमने एक प्लास्टिकची खुर्ची घसरू नये म्हणून भिंतीला टेकवून त्यांना तिच्यावर बसवलं. आरतीचं ताट हातात धरूनच बाई उठल्या. दिवासुद्धा हलला नाही.

लोक त्यांच्या पाया पडू लागले.

गर्दी समोरच्या अंगणात गेल्यावर श्रुती जवळ आली. हळूच म्हणाली, बाबा, घरात ही खुर्ची असताना काऊन नाही केलं? म्हटलं, शाल होती. तिने मला धरून उठवलं, माझ्याखाली दबलेली शाल काढली, झटकली आणि माझ्या खांद्यावर टाकली. मग नाक पुसून एकदम तिच्या आईच्या आवाजात म्हणाली, रोज सकाळी व्हिडिओ कॉल करीन. याच खुर्चीवरून उठून दाखवायचं. ओट्यावरचे डबे मी सरकवून देते. अन् डोळे मिटलेले दिसले, तर त्याच दिवशी पांढुर्णा.

नारळ भूपेंद्रने नेले.

१० डिसेंबर, सकाळी

कॉल आला. उठून दाखवलं. दोन्ही हात लागले. सध्या चालेल, असं मॅडमने सांगितलंय म्हणे. मागे चेतनरावांचा टीव्ही ऐकू येत होता.

आज आमच्याकडे कोणी आलं नाही. समोर बरीच मंडळी आहेत. बारावीवाला पोरगाही तिकडेच.

चहा दोन कप झाला. खुर्चीत बसलो, शाल घेतली, दुसरा कप शेजारी ठेवला. शालीला अजून तिच्या डब्यातल्या लवंगेचा वास आहे. त्यानेच असेल, शिंक आली. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि शिंकलो. काही झालं नाही.

तेव्हापासून बसलोच आहे. उठायचं बाकी आहे.