मेलेल्यांनी बूट काढले

आदरणीय एनिड मावशी,

भाच्याचा वाकून नमस्कार. टेनेरिफच्या उन्हात गुडघा जरा सैलावला का? इकडे डर्बीशायरला सगळं ठीक. (तुझ्या कुंड्यांना रोज पाणी घालतो. मांजर खाऊन खाऊन सुटलंय.)

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये माझ्या झॉम्बी-विनोदपटाचा पहिला खेळ झाला. हेझलने आधीच बजावलं होतं, "लोक हसले नाहीत, तर सोमवारी मुकाट्याने विम्याच्या ऑफिसात परत जायचं." बायकोच ती, गंमत करत नव्हती. त्यात पहिल्या रांगेत भयपट महोत्सवाच्या निवड समितीवरच्या बाई, अंगातला कोटही न काढता बसलेल्या. मावशी, चाळीस मिनिटं कुणी हसलं नाही गं! नायिका स्वतःचा तुटलेला हात छत्रीसारखा काखेत मारून बसथांब्यावर उभी राहते, तिथेसुद्धा नाही. नुसते टॉफीचे कागद वाजत होते. मध्यंतरात चहा घेताना पाद्रीबाबा म्हणाले, "बरंच वेगळं आहे हो." (आपल्याकडे 'वेगळं' म्हटलं की खेळ खलास.) दुसऱ्याने खुर्च्यांची स्तुती केली. हेझल माझ्या ऑफिसच्या शर्टांना इस्त्री करायचं बोलू लागली.

मग आला घरावरच्या हल्ल्याचा प्रसंग. झॉम्बी म्हणजे गायकमंडळातले अठरा पेन्शनर. दार फोडा, गुरगुरा, नायिकेवर तुटून पडा, असं मी चित्रीकरणाच्या वेळी घसा फोडून सांगितलेलं. तर दाराशी येताच त्यांनी रांग लावली! "आधी तुम्ही." "छे छे, तुम्हीच." म्होरक्याला आत पांढरा गालिचा दिसला, तसा तो पायरीवर बसून बुटाचे बंद सोडू लागला. मागून सतराजण खाली बसले. मी ओरडलो, कॅमेरा चालूच, आणि पुन्हा चित्रित करायला नकली रक्त उरलं नव्हतं, म्हणून तेच ठेवावं लागलं. हॉलमध्ये आधी एकच फिस्स ऐकू आलं, तेही हेझलचं! मग सगळा हॉल हसून कोसळला. बाईंनी कोट काढला. चित्रपट निवडला गेला, मावशी!

तुझा,
डेरिक

ता. क. घर कुणाचं, ते राहिलंच. किल्ली तू कुंड्यांसाठी दिली होतीस, मान्य. महोत्सवाला घरमालकिणीची लेखी परवानगी शुक्रवारपर्यंत हवी. कागद सोबत आहे. सही केली नाहीस, तर सोमवारी मी विम्याच्या ऑफिसात.

आणखी ता. क. गालिच्यावर बुटाचा एकही डाग नाही. (बीटाच्या रसाचे आहेत.)

शेवटचा ता. क. म्होरक्या म्हणजे शेजारचे बिकरस्टाफ, ज्यांच्याशी तू कुंपणाच्या उंचीवरून अकरा वर्षं अबोला धरलायस. मी ओरडलो होतो, "अहो, तुम्ही मेलेले आहात!" ते म्हणाले, "मेलो म्हणून काय झालं? एनिडचा गालिचा आहे तो." गाव हसलं ते याच वाक्याला. तू परत कधी येणार, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. कुंपणही त्यांनी कापून ठेंगणं केलंय.