डाव्या बाजूचं सील

बाबा, तुमची जीप आज सकाळी पुन्हा अकोल्याला गेली आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुमच्या गॅरेजात एका गाडीचं चाक खोलून ठेवलंय, दुसरीचा रेडिएटर तसाच पडलाय, आणि मी हात पुसून तुम्हाला लिहीत बसलेय. गिऱ्हाईक येऊन विचारतं, मिस्त्री कुठे आहेत? अजूनही विचारतात. मी फोनकडे बघते. जीप घेऊन दादा मूर्तिजापूरच्या पुढे गेला असेल. तेल गळायचं असेल तर एव्हाना गळायला लागलं असेल.

तुमच्यामागे जीप दादानेच सांभाळली. शेतावरच्या काळ्या चिखलात दुसरं काही चालत नाही हे खरं, पण दारात नवी गाडी असूनही आई जीपमध्येच बसते हेही खरं. गेल्या महिन्यात पुढच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यातून, डिफरेन्शियलमधून, चाकाकडे जाणारा डावा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथून, तेल ओघळायला लागलं. शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या सीलचं रबर इतक्या वर्षांत कडक होणारच. मी जुनं काढलं, नवं बसवलं. काही दिवसांत पुन्हा तेल. पुन्हा नवं बसवलं, पुन्हा तेच. "तू काय करून राहिली तिथं?" दादा फोनवर म्हणाला. "आतले गिअर कोरडे पडले तं रस्त्यातच जाम होईन गाडी. आई बसते तिच्यात. आता तिसरं सीलबी गळलं, तं मी गाडी इकून टाकतो." तो चिडून बोलला नाही, म्हणून जास्त लागलं.

सील बसवायला मी तुमच्याकडूनच शिकले. कॉलेजातून आलेली मी, हातोडी घेऊन सरळ सीलवरच ठोकतेय, आणि तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरता. "ठोकू नको वं. बसव त्याले. घाई कायची हाय तुले?" ते वाकडं बसलेलं सील तुम्ही उपटून भंगारात टाकता, मला हात धुवायला लावता, चहा पाजता, आणि मग दुसरं हातात देता. सीलमधल्या स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. रबराच्या कडेला बोटाने ग्रीस. वर जुन्या बेअरिंगची रिंग ठेवून, फिरवत फिरवत हलके ठोके, सील भोकाच्या काठाशी सपाट होईपर्यंत. शाफ्ट आत सरकवताना खालून तळहाताचा आधार, नाहीतर त्याचे दाते रबर चिरतात. "नख फिरवून पाह्य. नख अडकलं, तं काढ." घरी आईने आग्रहाने वाढलेलं जेवण मी विसरले असेन, पण हे नाही.

हे सगळं मी दोन्ही वेळा केलं, तरी गळलं. काल शाफ्ट बाकावर घेऊन बसले होते तेव्हा तुमचं जुनं सील आठवलं. ते काठाशी सपाट नव्हतं, नखाच्या जाडीएवढं बाहेर होतं. तुमच्या शेवटच्या वर्षातलं ते काम. तेव्हा कपातला चहा तुमच्या हातून बशीत सांडायचा, नटबोल्ट निसटायचे. म्हणून ते काढताना मी मनात म्हटलं, बाबांचा हात थरथरला असेल. मला गलबलून आलं, आणि मोठ्या शहाणपणाने मी नवं सील सपाट बसवलं, तुमची चूक सुधारली म्हणून. पण हात थरथरला असता तर सील वाकडं बसलं असतं ना? ते तर सगळीकडून सारखं बाहेर होतं.

मी शाफ्टवरून नख फिरवलं. एका जागी अडकलं. वर्षानुवर्षं रबर एकाच जागी घासून लोखंडाला चरी पडली होती. सपाट बसवलेलं सील नेमकं त्या चरीवर येत होतं, तेल निसटणारच. आणि चरीच्या शेजारी, नखाच्या जाडीएवढ्या अंतरावर, एक बारीक चकचकीत रेघ. तुमचं सील तिथे टेकत होतं, इतकी वर्षं, न गळता. तुम्हाला चरी दिसली होती. तुम्ही स्वतःचाच नियम मोडून सील कोऱ्या जागेवर आणलंत, त्याच थरथरत्या हातांनी. मला का नाही सांगितलंत? की सांगितलंत, आणि मी तुमच्या हातांकडे बघत राहिले? मला राग आलाय बाबा, आणि तो कोणावर आहे ते कळत नाही. तिसरं सील मी तुमच्याच जागी बसवलं.

हे लिहितानाच फोन वाजला. घरी पोचल्यावर दादाने गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता. "कोरडा हाय," तो म्हणाला. "आई म्हनते, आता इकाचं नाव काढू नको." मग म्हणाला, "दोन्हीकडचे बदलले ना वं? का उजवं जुनंच ठेवलं?"

मी म्हटलं, दोन्ही बदलली.

उजवं बदललेलं नाही, बाबा. त्याचं नवं सील माझ्या खणात आहे, आणि हा कागदही आता त्याच खणात जाईल. जुनं उपटायला काल मी हूक लावलाही होता. ते अजून मऊ आहे, एक थेंब गळत नाही. कधीतरी कडक होईल, तेव्हा बदलावंच लागेल. पण ते निघालं की त्या गाडीत तुमच्या हातचं काही उरत नाही. मी हूक काढून घेतला.